न फुटणारा आकडा

हायस्कुलातल्या गणिताच्या मास्तराने माझ्या चिरेखाणीवरच्या कामगाराला फसवले. आधी हे लिहून टाकतो, बाकीचे मागाहून.

कोरगावच्या रस्त्याने गेला असाल तर तो तुम्हीही पाहिला असेल. बेळगावकडचा, तांबड्या धुळीने माखलेला, कानावर कोळशाचा तुकडा. टिकाव घालता घालता ओरडायचा, "फुटंना, मालक!" मला वाटे, दगडाबद्दल बोलतोय. तो आकड्याबद्दल बोलत असे.

एकापासून नवापर्यंत ओळीने लिहायचे, पुढे आणखी एक. १२३४५६७८९१. शेवटचा एक पुसला तर नवाने सरळ भाग जातो. तो ठेवला की तिनाने नाही, साताने नाही, तेराने नाही.

"पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंत बघायचं, मालक. तिथवर फुटला नाही तर कशानंच फुटत नाही."

"ता कसा रे?"

"दोन तुकडे पडले तर एक त्याच्या आतलाच असणार. दोन्ही मोठे घेतले तर गुणाकार आकड्याच्या वर जातोय की."

मी चौथी शिकलेला माणूस. पण हे मला पटले.

जेवणाच्या सुट्टीत तो ताज्या चिऱ्यावर कोळशाने भागाकार करी आणि बाकी वहीत उतरवी. "मेल्या, माझे चिरे काळे करतंस!" म्हणून मी एकदा टिकावाचा दांडा फेकून मारला. कपाळ फुटले. रक्त पुसत म्हणाला, "हाणा, पण चिरा आडवा ठेवा. आकडा पुसंल."

अशाच चिऱ्यांचा एक ट्रक मास्तराच्या नव्या घराला गेला. चिऱ्यांवरचे आकडे बघून मास्तर खाणीवर आला. "पणजीच्या कॉलेजात दाखवतो," म्हणून गोड बोलून वही घेऊन गेला. वही तेव्हा एकतीस हजार तीनशे सदतीसपर्यंत आली होती.

गोवा राज्य झाले त्या वर्षी मास्तराचा सत्कार झाला. हा आकडा अविभाज्य आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत तपासून सिद्ध केले, असे माईकवरून सांगितले. शाल, नारळ, टाळ्या. आमचा माणूस मळक्या बनियनवर स्टेजवर चढला. आपले नाव मागायला नव्हे.

"मास्तर, पुढचे राहिलेत. अजून फुटंल."

"कोण रे हा बेवडा? ओढा खाली!"

दोघांनी त्याला केसांना धरून ओढले. त्याने स्टेजची कड धरून ठेवली. मास्तराने बुटाची टाच त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर ठेवली आणि पिळली. हाड मोडल्याचा आवाज मी तिसऱ्या रांगेत ऐकला. मी खुर्ची उचलली आणि मास्तराच्या तोंडावर घातली. दोन दात शालीवर पडले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. माझ्या दांड्याचा मात्र आहे.

पेडण्याच्या बसस्टँडवर त्याने डाव्या हातात कोळसा धरून खांबावर एक आकडा काढून पाहिला. वेडावाकडा आला. कोळसा माझ्या हातात ठेवून बसमध्ये चढला, तो परत आला नाही.

सत्काराचा फोटो हायस्कुलात अजून टांगलेला आहे. मी मास्तराच्या दारात जातो, तो कडी लावून घेतो. म्हणून इथे, चारचौघांसमोर विचारतो. माफी नको, वही नको. एकतीस हजार तीनशे सदतीसच्या पुढचे भागाकार कोणी केले, मास्तर? एक तरी करून दाखव.