सहा मिलिमीटरचं भोक

बिबवेवाडीतल्या आमच्या घरमालकांनी अकरा महिन्यांच्या भाडेकराराला स्वतःच्या अक्षरातला एक पुरवणी कागद जोडला होता. त्यातलं तिसरं कलम असं होतं : ‘भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वी मालकांस विचारावे. मालक नाही म्हणतील.’ ते वाचून मी हसलो. मालक हसले नाहीत. मी गुपचूप सही केली आणि किल्ल्या घेतल्या.

इमारत तीन मजल्यांची, सहा फ्लॅटची, आणि सगळीच्या सगळी त्यांच्या एकट्याच्या मालकीची. ते स्वतः तळमजल्यावर राहायचे. हडपसरच्या एका कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यातून ते निवृत्त झाले होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि चुकलेल्या परत पाठवायच्या, हे काम त्यांनी तीस-पस्तीस वर्षं केलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही ते थांबवायचं काही कारण त्यांना दिसलं नव्हतं. खिशाला लाल बॉलपेन असायचं. टेबलाच्या खणात व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे केसाएवढी मापं घ्यायचं ते स्टीलचं हत्यार, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं. माझी पदवी मेकॅनिकलची, पण त्या वर्षांत कॉलेजातून बाहेर पडलेला प्रत्येक जण सॉफ्टवेअरमध्ये गेला तसा मीही गेलो. व्हर्नियर मी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलनंतर पाहिला नव्हता. तेव्हाही वाचन मित्राच्या वहीतून उतरवलं होतं.

घर घेताना पोलिसांकडे द्यायचा भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म मालकांनीच भरला. बायको तेव्हा दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती. “मिसेस काय करतात?” त्यांनी विचारलं. दोघंही नोकरी करणारं जोडपं पुण्यातल्या मालकांना चालत नाही, दिवसभर घर बंद आणि नळ उघडा अशी त्यांना भीती असते, असं मला ऑफिसातल्या एकाने ठणकावून सांगितलं होतं. त्याचं स्वतःचं घर निगडीला वडिलांच्या नावावर होतं, हा तपशील मी विचारात घेतला नाही. “घरीच असतात,” मी म्हणालो. तशी ती होतीच घरी, बाळंतपणाच्या रजेवर. मालकांनी रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो आणि ती माझ्या एक पायरी वर पोचली होती. तिच्या नावापुढे तो शब्द पाहून मला, खरं सांगायचं तर, जरा बरंही वाटलं. हे मी घरी सांगितलं नाही.

चार महिन्यांनी तिची रजा संपत आली. तिचं ऑफिस खराडीला. आमच्याकडून जायला सव्वा तास, यायला देवाची मर्जी. मुलीला सांभाळायला कोणी नाही. माझी आई यवतमाळला वडिलांच्या आजारपणात अडकलेली, तिची आई अमरावतीला शाळेत शिकवणारी. तिच्या कंपनीने वर्षभर घरून काम करायची मुभा दिली, पण एक अट घातली. घरात वायरने येणारं पक्कं इंटरनेट हवं, आणि ते रजा संपायच्या आत हवं. नाहीतर खराडीला हजर व्हायचं, किंवा राजीनामा. आमच्याकडे होता तो डोंगल, आणि तो फक्त बाथरूमच्या खिडकीत धरल्यावर चालायचा.

फायबर आमच्या गल्लीत समोरच्या खांबापर्यंत आलं होतं. तिथून घरात यायला मालकाचं ना-हरकत पत्र एवढंच लागणार होतं. रजेचे सव्वीस दिवस उरले होते. “ते माझ्यावर सोड,” मी बायकोला म्हणालो. आमच्या संसारात हे वाक्य मी आजवर जितक्या वेळा उच्चारलंय, तितक्या वेळा काहीतरी तुटलंय.

मी रविवारी सकाळी खाली गेलो. सोबत लॅपटॉप होता, कारण मी मालकांसाठी प्रेझेंटेशन तयार केलं होतं. चौदा स्लाइडी. तांब्याची तार आणि काचेचा धागा यांतला फरक, प्रकाश कसा धावतो, जग कुठे चाललंय, वगैरे. मालकांनी शांतपणे सगळं पाहिलं. मग म्हणाले, “अहो, भोक कुठे पाडणार?”

“बाहेरच्या भिंतीत. कुठेतरी.”

“केवढं?”

“साधारण लहानच.”

“साधारण म्हणजे किती मिलिमीटर?”

चौदा स्लाइडींत हे कुठे नव्हतं. त्यांनी अर्ज लेखी द्यायला सांगितला. मी तो कॉम्प्युटरवर टाइप करून दिला, एक पानभर. दोन दिवसांनी तो दारातल्या फटीतून परत आला. ‘साधारण’ या शब्दाखाली तीनदा लाल रेघ होती. खाली लिहिलं होतं : ‘कारण?’

मी दुसरा अर्ज केला. भोक दहा मिलिमीटर, हे मनानेच ठोकून दिलं. कारणाच्या जागी लिहिलं, ‘वेग’. तो परत आला. ‘कोठे जाण्याची घाई आहे?’ असा शेरा होता.

आता खरं कारण लिहायला किती वेळ लागला असता? एक ओळ. पण ते लिहायचं म्हणजे फॉर्ममध्ये खोटं सांगितलं हे कबूल करायचं, आणि मी त्या माणसापुढे उभा राहून खोटा ठरायला तयार नव्हतो. म्हणून तिसऱ्या अर्जात मी लिहिलं की हल्ली सर्वांकडेच असतं. हा अर्ज परत आलाच नाही. जिन्यात भेटल्यावर मालक म्हणाले, “सर्वांकडे असतं ते आपल्याकडे असावं, हे कारण लग्नाच्या आहेराला ठीक आहे.”

वर बायको रोज विचारायची, “झालं का?” मी म्हणायचो, “प्रोसेसमध्ये आहे.” ती सॉफ्टवेअरमधलीच असल्यामुळे या शब्दांचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता.

नऊ दिवस उरले तेव्हा मला एक कल्पना सुचली. मालकांचा आक्षेप भोक पाडण्याला आहे. भोक आधीच असेल तर पाडण्याचा प्रश्नच मिटला. मी ऑफिसातून एकाचं ड्रिल मशीन मागून आणलं. शनिवारी मालक मंडईला गेले, बायको मुलीला लस टोचायला गेली, आणि मी हॉलच्या कोपऱ्यात स्टुलावर चढलो. बाहेरच्या भिंतीत, खिडकीशेजारी, आडवं भोक पाडायचं होतं. पण कोपऱ्यात हात नीट वळेना, म्हणून मी जरासं तिरकं धरलं. मशीन सुरू केलं. पाच मिनिटं घरभर लाल धूळ उडाली, आणि मग ड्रिलचं टोक एकदम आत गेलं. आरपार झालं.

खांब दिसतो का ते बघायला मी भोकाला डोळा लावला. पलीकडून दुसरा एक डोळा माझ्याकडे बघत होता.

तिरकं धरलेलं टोक बाहेरच्या भिंतीऐवजी कोपऱ्यातून जिन्याच्या भिंतीत निघालं होतं. मालक टाकीचं पाणी बघायला गच्चीवर निघाले होते, कारण मंडई त्या दिवशी बंद होती. मी दार उघडलं. केसांत, भुवयांत, मिशीत विटेचा चुरा. मालक खाली गेले, फडकं सोडून कॅलिपर घेऊन आले, भोक मोजलं.

“चौदा मिलिमीटर. तिरकं. कडा फुटलेल्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कशासाठी?”

माणसाचा मेंदू अशा वेळी काय करतो याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. मी म्हणालो, “कॅलेंडर लावायला.”

“आरपार?”

“वजनदार आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः पांढऱ्या सिमेंटने ते भोक बुजवलं, वरून पॉलिश कागद फिरवला. भिंत आधी होती त्याहून चांगली दिसायला लागली. आणि दारातल्या फटीतून माझा तिसरा अर्ज आत आला. ‘नामंजूर. कारण दिलेले नाही.’

तो कागद बायकोच्या हाती लागला. तिने तिन्ही अर्ज मागितले आणि स्वयंपाकघरात उभ्याने वाचले. “यात मी कुठे आहे?” तिने विचारलं.

मी म्हणालो की मालक जुन्या वळणाचे आहेत, बायकांच्या नोकरीचं त्यांना कसं वाटेल सांगता येत नाही. हे बोलताना मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. तिने अर्ज घडी घालून ओट्यावर ठेवले. इंटरनेट कंपनीच्या लाइनमनला फोन केला, दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि एका कोऱ्या कागदावर पेनाने अर्ज लिहिला. केबलची जाडी तीन मिलिमीटर. भोक सहा मिलिमीटर, खिडकीच्या चौकटीपासून चार इंचांवर, बाहेरून आत किंचित चढतं, म्हणजे पावसाचं पाणी घरात येणार नाही. केबल बाहेरच्या पाइपाच्या मागून, दर्शनी भिंतीवर दिसणार नाही. कारण : माझी नोकरी.

मुलीला माझ्याकडे देऊन ती खाली गेली. मी जिन्याच्या वळणावर उभा राहिलो, मुलगी खांद्यावर, कान खाली.

मालकांनी चष्म्याचं घर उघडल्याचा खटका ऐकू आला. मग त्यांचा आवाज आला. “आपली नोकरी? आपण तर घरीच असता, असं यजमान म्हणाले होते. माझ्या फॉर्मवर तसं लिहिलंय.”

“कधी म्हणाले?”

“घर घेतानाच.”

तिने खुर्ची पुढे ओढली. मग सरळ आवाजात म्हणाली, “मी टेस्टिंगमध्ये आहे, काका. लोकांनी लिहिलेले प्रोग्राम तपासते आणि चुकलेले परत पाठवते. माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत.”

“म्हणजे इन्स्पेक्शन,” मालक म्हणाले.

“इन्स्पेक्शनच.”

“मग हे आधी सांगायला काय झालं होतं? तीन अर्ज झाले, एक भिंत झाली. भोक कशासाठी आहे ते कळल्याशिवाय कारखान्यात कोणी ड्रिलला हात लावत नाही. ड्रॉइंगवर कारण लागतं.” खणातून लेटरहेड काढल्याचा आवाज आला. “यजमान तुमचे मेकॅनिकल ना?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले. एवढंच.

ती वर आली तेव्हा ना-हरकत पत्र तिच्या हातात होतं. मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर सोपं गेलं असतं. मला भांडणात बऱ्यापैकी जमतं. तिने मुलीला घेतलं, खिडकीपाशी बसली आणि विचारलं, “गृहिणी म्हणून सांगायला तुला लाज वाटली नाही, आणि नोकरी करते म्हणून सांगायला वाटली. काऊन?” चिडली की तिच्या तोंडून अमरावती येते. माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते इतकं कोतं होतं की मोठ्याने म्हणवेना. सहा वर्षं मी मित्रांमध्ये बायकोच्या हुशारीच्या गप्पा मारत आलो होतो. तिची नोकरी मात्र मी जवळजवळ घालवली होती, फॉर्मवरच्या एका शब्दापायी, मला जरा बरं वाटावं म्हणून. मला फार लाज वाटली. तशी मी ती बोलूनही दाखवली. ती म्हणाली, “ठीक आहे. सोमवारी सुट्टी घे. लाइनमन येणार आहे आणि लाइन तपासायला ऑफिसशी माझी मीटिंग आहे.”

रजा संपायला दोन दिवस उरले होते. सोमवारी लाइनमनने सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. पहिल्या झटक्यात, सरळ, बाहेरच्या भिंतीत. ना-हरकत पत्रात शेवटची अट होती : ‘काम चालू असताना यजमानांनी भिंतीस हात लावू नये.’ मी लावला नाही. इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा दिवा लागला, बायकोने कानाला हेडफोन लावला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून ऑफिसच्या लोकांशी बोलायला लागली. तिचा तो आवाज मी सहा महिन्यांत ऐकला नव्हता. ती बोलताना पाठ ताठ करून बसते हेही मी विसरलो होतो.

मालक कॅलिपर घेऊन वर आले. भोक मोजलं, मान हलवली. मग काखेतली फाईल उघडून तो जुना फॉर्म टेबलावर ठेवला. “चुकीचा कागद माझ्या फाईलमध्ये नको,” ते म्हणाले. लाल पेनाने त्यांनी ‘गृहिणी’ खोडलं आणि वर तिचं पद लिहिलं, तिला स्पेलिंग विचारून. पेन खाली सरकत माझ्या नावाशी थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“आणि यजमान काय करतात?” त्यांनी तिला विचारलं.

तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही. हेडफोन एका कानावरून बाजूला केला. माझ्या एका खांद्यावर मुलगी होती, दुसऱ्यावर तिचं दुपटं, आणि हातात नाचणीच्या खिरीची वाटी.

“घरीच असतात,” ती म्हणाली.

मालकांनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत एकदा तपासलं, आणि तसंच लिहिलं.