मामांचा रुसका ट्रॅक्टर

"बाय रुसली हा, झिला. तिका वरडू नको."

ट्रॅक्टर अडला की मामा बॉनेटवर हात ठेवून एवढंच म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. मी परळच्या एका गिरणीत फिटर, ते ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. ट्रॅक्टर म्हणजे शेतातलं धूड नव्हे. गोदामातून कापसाच्या गाठी खात्यात नेणारा, आवारात गर्रकन वळणारा बुटका गडी. पण मामांच्या लेखी ती बाय. पूर्वी हातगाडी ओढताना अंगावर गाठ पडून त्यांचा डावा पाय अधू झाला होता. बसून क्लच दाबता येई, ओझं ओढता येत नसे. ह्या ट्रॅक्टरनेच त्यांना तारलं होतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबाग-परळच्या भिंती घोषणांनी रंगलेल्या, ओरडून ओरडून निम्म्या गिरणीचे घसे बसलेले. आणि अशात दसरा झाल्यावर ट्रॅक्टरचा ब्रेक चिकटायला लागला. एकदा दाबला की सुटायचं नाव नाही! चाक धरल्या ब्रेकवर फिरायचं, तापायचं, धूर सोडायचं. कापसाच्या गाठींशेजारी धूर!

साहेब तडक खाली आले. "पुन्हा धूर दिसला तर हा विकून टाकतो. हातगाड्या आणू," म्हणाले. मामांकडे त्यांनी बघितलंही नाही. आता तुम्हीच सांगा, हातगाड्या आल्यावर मामांनी काय करायचं?

मी ड्रम उघडला, ब्रेकच्या पट्ट्या घासल्या, स्प्रिंग बदलली, सळ्या सैल केल्या. दोन खेपा ठीक, तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच! धूर चाकातून येतो म्हणून मी आपला चाकातच डोकं घालून बसलेलो. वर मामांचं चालूच: "जेवलंस काय रे?"

"मामा, जेवणाचं काय घेऊन बसलात! तुमची नोकरी जातेय!"

"जांवदे. तू आधी दोन घास खा."

वैतागून मी पाना आपटला आणि ब्रेकच्या पेडलला लाथ घातली. पेडल खाली गेलं ते खालीच राहिलं. हाताने वर ओढलं, तर चाक मोकळं! अरे देवा! दुखणं चाकात नव्हतंच. वाकून पाहिलं, तर पेडल ज्या दांड्यावर फिरतं तो दांडा लालभडक रंगाने माखलेला. ग्रीस भरायचं भोकसुद्धा बुजलेलं.

खंडेनवमीला आपण यंत्रं पुजतो, हे तुम्हाला सांगायला नको. मामा दरवर्षी पूजेआधी आपल्या बायला नवा रंग द्यायचे. यंदा भिंतीवरच्या घोषणांतून उरलेला जाड तेलरंग त्यांनी सांदीकोपऱ्यात मायेने भरला होता.

मी रॉकेलने दांडा साफ केला, भोक मोकळं केलं, ग्रीस भरलं. पेडल खट्‌कन वर!

साहेबांसमोर उतारावर फेऱ्या झाल्या. धूर नाही, काही नाही. साहेब खूश. "काय झालं होतं?" त्यांनी मला विचारलं. मी "कचरा अडकला होता" म्हणणार, तेवढ्यात मामा पुढे सरसावले.

"साहेब, ह्याचो दोष नाय. रंग मी लावलंय."

अहो, कोणी विचारलं होतं तुम्हाला? मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. पण शब्द गेला तो गेलाच. "यंत्राशी असले खेळ करणारा माणूस मला नको," साहेब म्हणाले. ट्रॅक्टर वाचला. त्यावर दुसरा ड्रायव्हर आला आणि मामांना गेटवर राखणीचं स्टूल मिळालं.

मी त्यांच्यावर फार चिडलो होतो. अजूनही चिडतो. मामा नोकरी सोडून गावी गेले ते परत आले नाहीत, नाहीतर आजही भांडलो असतो.

ते गावी जायच्या आदल्या दिवशी मी गेटवर त्यांच्याजवळ उभा होतो. नवा पोरगा भरल्या ट्रॉलीसकट उतारावरून वेगात येत होता. मामा माझ्याशी गावच्या घराबद्दल बोलत होते, माझ्याकडेच बघत होते. पण त्यांचा उजवा पाय वहाणेतून निघाला होता आणि जमीन हळूहळू दाबत होता.