चुलीशेजारची जागा

आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. धाकटी बहीण तापानं गेली ती करमाळ्याकडच्या वाटेवर. तिला एका शेताच्या बांधावर, बाभळीखाली पुरलं आणि दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलवला. मेंढरांना चारा नव्हता, थांबणार कसं? पुढं दरवर्षी आई हट्टानं त्याच शेतात मेंढरं बसवायला लावायची.

मग मेंढरं विकून आम्ही डाळिंब लावलं, स्लॅबचं घर बांधलं. लोक म्हणाले, सुटलात एकदाचे वणवणीतून. आईची ती बाभळही सुटली, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

परवा सोलापुरात तिला दवाखान्यात दाखवून झाल्यावर एका संग्रहालयात नेलं. काचेआड मातीचा जुना रांजण होता. मी पाटी वाचून सांगितलं, "हजारो वर्षांपूर्वी माणसं पहिल्यांदा शेती करून एका जागी राहिली ना, ती मेलेलं लेकरू असं रांजणात घालून घरातच पुरायची."

"घरात कुटं?"

"चुलीशेजारी, जमिनीखाली."

तिनं काचेवर उलटा हात ठेवला, ताप बघतात तसा.

"मंग आपूनच घर बांधायला लई उशीर केला की," ती म्हणाली.