मोतीराम शाहिराचा आवाज

अमरावतीत कुणासमोरही मोतीराम शाहिराचं नाव काढा, तो तुम्हाला एक किस्सा ऐकवील. कापसाला भाव चढला तेव्हापासून माणसं रिकामी झाली आणि किस्से वाढले. त्यातल्या निम्म्या किश्श्यांच्या वेळी सांगणारा तिथं नव्हताच. मी होतो. इंग्रजीचं दुसरं पुस्तक अर्धं टाकून मी शाळा सोडली आणि मोतीराम बुवांच्या फडात झीलकरी झालो. म्हणजे शाहिरानं ओळ म्हणायची, आणि मागं उभं राहून ती मी ओढायची. तेव्हा बुवांच्या आवाजाचं माझ्याकडून ऐका.

*

भाव चढल्यावर ज्याला त्याला शाहिराला शाल पांघरायची हौस आली. बुवा सगळ्या शाली एकदम पांघरत. वैशाखात, भर दुपारी, चार शाली, त्यावर जरीचा फेटा, कानात अत्तराचा फाया. घाम हनुवटीवरून डफावर पडायचा.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बुवा, उकडत नाही काय?"

"उकडते ना," बुवा म्हणाले. "पन ज्याची शाल काढली तो जेवाले बोलवत नाही."

*

तिकडे अमेरिकेत लढाई लागली म्हणून इकडे आपला कापूस महागला, एवढं सगळ्यांना कळलं होतं. बुवांनी लगेच लढाईचा पोवाडा रचला. त्यात घोडे होते, भाले होते आणि एक किल्लाही होता.

पोवाडा संपल्यावर एकानं विचारलं, "बुवा, हे अमेरिका हाय कुठं?"

बुवांनी हात लांब केला. "मोर्शीच्या पल्याड."

"मी मोर्शीचाच हाव."

"मंग तूच सांग ना बाप्पा, काय चालू हाय तिथं."

तो गडी उठला आणि अर्धा तास सांगत बसला. म्हातारे माना डोलवत होते. मी म्हणालो, अमेरिका समुद्रापलीकडे आहे, नकाशात मी पाहिलीय. त्यावर माझ्याच मामानं सगळ्यांसमोर सुनावलं, "शाया सोडलेल्यानं नकाशा सांगू नये."

*

आवाज गेला तो अकोल्याच्या बाजारात. शेजारी कापसाच्या गाड्या रित्या होत होत्या, हवेत रुई उडत होती. लावणीच्या शेवटी बुवांचा एक उंच सूर असे, त्यासाठी माणसं मूर्तिजापुराहून येत. बुवांनी कानावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली.

त्यांनी मागच्या मागं टाच माझ्या नडगीवर हाणली. दुखलं म्हणून मी ओरडलो असतो, ते सुरात ओरडलो.

"वा बुवा!" लोक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. मग रोजच. टाच त्यांची, सूर माझा. दोन महिने वैद्याचे काढे झाले, आवाज परतला नाही. मी म्हणालो, "बुवा, लोकाईले सांगून टाका ना, आवाज गेला म्हनून."

"गेला कुठं?" बुवा म्हणाले. "तुह्यापाशी ठेवला हाय."

*

आमचा बाप कचेरीबाहेर अर्ज लिहून देतो. मी फडात गेल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. एकदा कुणीतरी ओढून आणलं म्हणून ऐकायला आला. त्या दिवशी मी जीव काढून गायलो.

घरी जाताना तो आपणहून बोलला. बुवांचा शेवटचा सूर कसा लागला, कसा थरथरला, डोळ्यांत पाणी कसं आलं, ते घर येईपर्यंत सांगत राहिला. दारात थांबला आणि म्हणाला, "चार वर्सं तू त्या मानसामांगं उभा हायस. थोडं तरी शिक."

*

मग लतीफ उस्तादांनी आव्हान दिलं. अकोल्यात त्यांचा फड मोठा. दोन फड समोरासमोर बसले की हरणाऱ्यानं आपला डफ जिंकणाऱ्याला द्यायचा आणि त्या बाजारात पुन्हा उभं राहायचं नाही, हा रिवाज. बुवांचा डफ त्यांच्या गुरूचा होता.

सकाळी मी बुवांना म्हणालो, "आज शेवटी एकदा माह्यं नाव घ्या. एवढंच."

"काहून? सुराच्या वक्ती कानाले हात कोन लावते, तू का मी?"

तेव्हाच मी ठरवलं.

दुपारभर सवाल-जवाब बरोबरीत चालले. उस्तादांनी असा सूर लावला की बैलसुद्धा चघळायचे थांबले. मग आमची लावणी. शेवटची ओळ आली. बुवांनी हात कानाला लावला, डोळे मिटले, तोंड उघडलं. टाच बसली.

मी तोंड मिटून उभा राहिलो.

पुन्हा टाच बसली. मी पुढं पाहत राहिलो.

नुसती हवा. बुवांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. दुसरा हात हळूहळू वर गेला, तिथं थरथरला, आणखी वर गेला, आणि सावकाश खाली आला. त्यांनी तोंड मिटलं.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले. "वा," तो म्हणाला. मग सगळा बाजार उठला. लतीफ उस्ताद उतरून आले, आपला डफ बुवांच्या पायांशी ठेवला. "बुवा, ये सूर हमारे बस का नहीं."

परतीच्या गाडीत दोन्ही डफ मांडीवर घेऊन बुवा बसले होते. बोरगाव मागं पडलं. मग माझ्याकडे वळले.

"आज तुहा सूर जरा चढा लागला," म्हणाले. "उद्या थोडा खाली घे."