डोंबिवली, शुक्रवार, साडेतीन

गुरुवारी दुपारी मस्कतच्या विमानतळावर आम्ही तिघं रांगेत उभे होतो: मी, नवरा विकास आणि तेरा वर्षांची एस्तेर. विकास समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात आहे. मी भारतीय मुलांच्या एका शाळेत ग्रंथपाल. परदेशात सोळा वर्षं राहतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोनं आणि उंट येतात. आमच्या रोजच्या जगण्यात दोन्ही नाहीत. दोन खोल्या, सकाळी पावणेसातची शाळेची बस, रविवारी डबा घेऊन ऑफिस आणि शुक्रवारी चर्च.

हे शुक्रवारचं आधी सांगून टाकते. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे तिथल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांची साप्ताहिक उपासना शुक्रवारीच. चर्चचं आवार एक, हॉल मोजके आणि भाषा डझनभर. आम्हा मराठी मंडळींच्या (चर्चच्या सभासदांच्या) वाट्याला दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ आली आहे. आमच्या आधी तमिळ आणि आमच्यानंतर इथिओपियाचे लोक. ते शुभ्र कपड्यांत दाराशी उभे राहून विनयाने घड्याळाकडे बघतात. दहा मिनिटांत खुर्च्या लावायच्या, दहा मिनिटांत उचलायच्या. ही दीड तासाची वेळसुद्धा आम्हाला तीन वर्षं अर्ज करून मिळाली. मराठीत प्रार्थना करायला परदेशात इतका खटाटोप लागतो, असं मी आईला फोनवर सांगायचे. आई म्हणायची, "तुम्हीच तिकडं गेलात. इथं ये, आमचं सकाळी आठला आरामात चालतं."

मुंबईला उतरून गाडी केली. आईचं घर डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडला. डोळा लागला होता, ड्रायव्हरच्या आवाजाने उघडला.

"मॅडम, आलं मानपाडा."

बाहेर तीस-तीस मजल्यांचे टॉवर, त्यांच्यावर इटलीतल्या गावांची नावं. हे ठाण्याचं मानपाडा, घोडबंदर रोडचं.

"दादा, आम्हाला डोंबिवलीचं मानपाडा हवंय."

"मग तसं बोलायचं ना! मॅपने जे पहिलं दाखवलं ते मी घेतलं."

विकासने माझ्याकडे पाहिलं. पत्ता मी सांगितला होता. मग मुंब्रा बायपास, शिळफाटा, आणि शिळफाट्याला जे असतं ते. गाडी थांबून राहिली तेव्हा ड्रायव्हरला आरशात एस्तेरच्या गळ्यातला क्रूस दिसला.

"तुम्ही ख्रिश्चन का? वाटत नाही हो. मराठी एकदम साफ बोलता."

"तुम्हीपण साफ बोलता," मी म्हटलं.

"मी मराठीच आहे ना."

"मग झालं तर."

कल्याण रोडला लागल्यावर त्याने विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"नगर जिल्हा. राहुरीजवळ."

"अरे, मी पारनेरचा!" असं म्हणून त्याने एसी वाढवला. धर्माने जे जमलं नाही ते जिल्ह्याने जमवलं.

आई दारात उभी होती. माझी आई, सुमन, शहात्तर वर्षांची, नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिने जेवायला मटणाचा रस्सा आणि भाकरी केली होती. नाताळच्या करंज्यांचा डबा दिवाणाखाली लपवला होता, तो एस्तेरने पाच मिनिटांत शोधला. कोपऱ्यात आईची पेटी (हार्मोनियम) होती. तिच्यावरचं कापड इतकं विरलं होतं की पट्ट्या दिसत होत्या. चाळीस वर्षं ही पेटी दर रविवारी रिक्षातून चर्चला जाते आणि परत येते.

"कसं चाललंय चर्च?" मी विचारलं.

"चाललंय," आई म्हणाली आणि रस्सा वाढायला उठली.

सकाळी उठलो तर आई घरात नव्हती, भाजी आणायला गेली होती. मी आंघोळ करून साडी नेसले, विकासने इस्त्रीचा शर्ट घातला, एस्तेरने केस बांधले. आम्ही रिक्षा करून चर्चला गेलो. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात शंका आली नाही. सोळा वर्षांची सवय विमानाने आमच्याबरोबरच आली होती.

फाटकाला कुलूप. आतून योसेफमामा आले, हातात झाडू. ते चर्चची राखण करतात, मला लहानपणापासून ओळखतात.

"काय गं माधू, कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कोणी नाही मामा. का?"

"मग शुक्रवारी नटूनथटून कशाला आलात? हितं शुक्रवारी मयतीशिवाय कोण येतं?"

एस्तेरने कपाळावर हात मारला. विकास हसत सुटला. मीही हसत होते, तेवढ्यात फलकावरची सूचना दिसली. वर रंगीत अक्षरांत नाताळच्या 'भव्य' कार्यक्रमाची माहिती, प्रमुख पाहुण्यांचा फोटो, नव्या एलईडी पडद्याच्या उद्घाटनाची वेळ. खाली बारीक अक्षरांत: नव्या वर्षापासून सकाळी आठची मराठी उपासना बंद, मराठीची भक्ती तिमाहीतून एकदा, 'विशेष प्रसंगी'. आणि त्याखाली: येत्या रविवारी श्रीमती सुमनबाईंचा प्रदीर्घ सेवेबद्दल शाल व श्रीफळ देऊन सत्कार.

"हे कधी ठरलं?"

"महिना झाला," मामा म्हणाले. "पडद्याची लोकं तासभर आधी येऊन मशीन तपासतात म्हनं. मग आठची येळ त्यांना पायजे. तुझ्या आईनं सांगितलं न्हाई?"

सांगितलं नव्हतं. आई घरी मेथी निवडत होती.

"अगं, तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही वर्षातून पंधरा दिवस येता. त्यात हे रडगाणं कशाला?"

"तुझी उपासना बंद करतायत आणि तुलाच शाल देतायत."

"शाल चांगली असते," आई म्हणाली. मेथीची एक काडी तिने उगाचच दोनदा मोडली. मग म्हणाली, "आम्ही बारा-चौदा म्हातारे. त्या पडद्यावर इंग्रजी गाणी पळतात. मालतीबाईंना चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. मला वाचता येतात गं, पण आतून येत नाहीत. जीव गेल्यावर मराठीत पुरतील म्हणतात. तेवढी सवलत आहे."

मी खिडकी उघडली. हवा आश्चर्यकारकरीत्या स्वच्छ होती. इथे एरवी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो.

"आज वास नाही?"

"शुक्रवार ना. कारखान्यांना सुट्टी," आई म्हणाली. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी आम्ही ठाण्याला गेलो, आमच्या भागाचे वरिष्ठ पाळक (धर्मगुरू) तिथे बसतात त्यांना भेटायला. आई यायला तयार नव्हती. "विनवण्या करायच्या असतील तर मी येत नाही," म्हणाली. विनवणी करणार नाही असं मी वचन दिलं. टेंभी नाक्याजवळ गाडी सोडली आणि आधी मिसळ खाल्ली, कारण उपाशीपोटी माणूस नको तितका नम्र होतो. मिसळ इतकी तिखट होती की एस्तेरच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "रडू नको बाळ, दुसरी प्लेट घे, मग सवय होते." तिने खरोखरच दुसरी घेतली. ती तिच्या आजीवर गेली आहे.

वरिष्ठ पाळकांच्या खोलीत सत्काराची इतकी स्मृतिचिन्हं होती की त्यांना स्वतःला बसायला कोपराच उरला होता. ते मात्र भले गृहस्थ निघाले. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाहीत, वेळ आहे," आई म्हणाली. "दीड तास."

"तोच तर नाही ना! रविवारी चार उपासना, त्यात तरुणांचा कार्यक्रम, पडद्याची तयारी. हॉल रिकामाच नसतो."

"शुक्रवारी असतो," एस्तेर म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती रुमालाने अजून नाक पुसत होती.

"काल आम्ही पाहिला ना. कुलूप होतं."

पाळक हसले. "बेटा, शुक्रवारी उपासनेला कोण जातं?"

"आम्ही जातो. दर आठवड्याला. देव येतो तिथे."

मी तिला गप्प करायला हवं होतं. केलं नाही. आई त्या स्मृतिचिन्हांकडे बघत हसू आवरत होती. पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वरिष्ठांना शोभेल असं वाक्य बोलले: "स्थानिक कमिटीची हरकत नसेल, तर माझीही नाही." म्हणजे चेंडू डोंबिवलीला परत आला.

रविवारी पडद्याचं उद्घाटन झालं. मी मस्कतमध्ये सुलतानी थाट लांबून पाहिला आहे, पण भिंतीएवढ्या पडद्यासमोर फीत कापताना कमिटीच्या सचिवांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो तिथेही पाहिला नाही. पडद्यावर आधी बर्फ पडला, मग हरणं धावली. मग आईचं नाव आलं, चुकीच्या आडनावासकट.

आई सावकाश मंचावर गेली. शाल पांघरली गेली. सचिव नारळाचं तबक दोन्ही हातांत धरून उभे. सूत्रसंचालकाने सवयीने माईक पुढे केला: "बाई, दोन शब्द."

आईने माईक शाळेतल्या खडूसारखा धरला.

"शाल घेते. थंडी आहे," ती म्हणाली. लोक हसले. "पण ही निरोपाची शाल असेल, तर मी अजून निघालेली नाही. आठची वेळ तुम्ही घेतलीत, घ्या. मराठी भक्ती दर शुक्रवारी दुपारी साडेतीनला याच हॉलमध्ये होईल. ठाण्याहून निरोप आहे, की कमिटीची हरकत नसेल तर त्यांची नाही. आता कमिटीत ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करा. मी मोजते."

कमिटीचे सात जण पहिल्या रांगेत होते. त्यांतल्या चौघांना आईने पाढे शिकवले होते. सचिवांचे दोन्ही हात तबकात अडकलेले. आईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, वर्गावर पाहायची तसं.

"हरकत नाही," ती म्हणाली आणि नारळ उचलून खाली उतरली.

बाहेर सचिवांनी मला गाठलं. "ताई, असं सगळ्यांसमोर करायला नको होतं."

"सत्कारही सगळ्यांसमोरच ठेवला होतात," मी म्हटलं.

"पण येणार कोण शुक्रवारी? चार म्हातारे!"

ही भीती मलाही होती. बुधवारी नाताळ झाला. करंज्या संपल्या, पाहुणे आले-गेले, आणि आई मात्र येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती: शुक्रवार, साडेतीन.

"साडेतीनच का?" मी विचारलं.

"तुमचे दोन वाजलेले असतात तेव्हा," ती म्हणाली. मी सोळा वर्षं दोन देशांच्या वेळांची वजाबाकी करते आहे, पण हे मला सुचलं नव्हतं.

शुक्रवारी तीनला आम्ही हॉलवर पोचलो. हाताला सवय होती. विकास, एस्तेर आणि मी मिळून दहा मिनिटांत खुर्च्या लावल्या. योसेफमामा बघतच राहिले. "तिकडं हेच काम करता का?" "हेच, मामा." पडद्याचं रिमोट कुठे आहे ते कोणी विचारलं नाही. मालतीबाई आल्या, जाड अक्षरांचं गीतांचं पुस्तक घेऊन. मग आणखी नऊ-दहा म्हातारे, बहुतेक रिक्षा वाटून घेऊन आलेले. सव्वातीनला आम्हा तिघांना सोडून तेरा. मी चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. वीसेक उचलून ठेवाव्यात का, असा विचार मनात आला.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकली थांबल्या. पन्नाशीचा एक माणूस बायको-मुलांसह आत आला. त्याने पायरीवर बूट नीट झटकले आणि मराठी ख्रिस्ती रीतीप्रमाणे सलाम केला.

"सलाम बाई. मराठी भक्ती इथंच ना?"

"इथंच. तुम्ही कुठले?" आईने विचारलं.

"इथलाच. मानपाड्याला राहतो. वसाहतीत बॉयलरवर आहे. आमची सुट्टी शुक्रवारी. रविवारची उपासना एकोणीस वर्षांत मोजून पाच-सहा वेळा मिळाली असेल. मामांनी सांगितलं म्हणून आलो. मागून अजून दोघं येतायत."

दोघं नाही, चार कुटुंबं आली. कारखान्यांच्या सुट्टीचा वार सगळ्या डोंबिवलीला ठाऊक होता. चर्चने तो कधी हिशेबात धरला नव्हता. साडेतीनला आईने पेटीचा भाता ओढला. बॉयलरवाल्यांचा आवाज खर्जातला आणि पक्का होता. पहिल्याच कडव्याला मालतीबाईंनी पुस्तक मिटलं. त्यांना सगळं पाठ होतं. माझ्या खुर्च्यांपैकी चार रिकाम्या राहिल्या.

शनिवारी आम्ही परत निघालो. गाडी बोलावताना ड्रायव्हरला या वेळी 'डोंबिवलीचं' असं तीनदा सांगितलं होतं. वाटेत मी विचार करत होते की प्रवासातून लोक परदेशी वस्तू आणतात: खजूर, अत्तर, चॉकलेट. आम्ही या खेपेला एक वार आणला. परक्या देशात, दुसऱ्यांच्या वेळेत अंग चोरून बसायला शिकलो, त्याची मला कधीकधी लाज वाटायची. आता वाटत नाही. ज्याने उसन्या दीड तासात संसार केला आहे त्याला जागा नाही असं सांगून घालवता येत नाही. तो कुलूप कधी असतं ते आधी बघतो.

पुढच्या शुक्रवारी मस्कतमध्ये तमिळ मंडळी बाहेर पडली आणि आम्ही खुर्च्या लावल्या. दोनला एक मिनिट कमी असताना माझा फोन वाजला. आईचा निरोप, तिच्या जुन्या शिक्षकी शुद्धलेखनात:

"आज सदतीस जण. खुर्च्या विकासने लावल्या तशाच लावल्या. शाल पेटीवर घातली आहे, अगदी मापाची निघाली. सुरू करते. तुम्हीही करा."