सातमाशी लेकीचं दूध

आमची थोरली सातव्या महिन्यात झाली. चिंचवडला भाड्याच्या खोलीत, भर दुपारी, सुईण पोचायच्या आधी. सुईण आली, तिने मुलीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "तुम्ही पडून राहा." मुलीला तिने कापसात गुंडाळून बाजूला ठेवलं.

हे तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. शिफ्ट सुटल्यावर सायकलवरून घरी आले, कापसात गुंडाळलेली मुलगी बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "यात मुलगी किती आणि कापूस किती?" त्यांना विनोद करायचा नव्हता. त्यांना माप हवं होतं.

मुलीला ओढताच येईना. दोनदा तोंड हलवायची की दमून झोपायची. मी दूध वाटीत काढून बोंडल्याने पाजलं, तर धार एकदम घशात गेली आणि ती निळी पडली. घरमालकीण बाई शेतकरी घरातल्या, पाच मुलं वाढवलेल्या. त्या म्हणाल्या, "बोंडलं नगं. कापसाची वात कर." वातीने ठसका लागत नसे, पण अर्धं दूध वातच प्यायची.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. "पुण्याला न्यायला हवं," म्हणाल्या. मग बाहेरच्या थंडीकडे बघून म्हणाल्या, "पण नेऊ नका." आणि पिशवीतून डोळ्यांत औषध घालायचा काचेचा ड्रॉपर काढून दिला.

काच हिरडीला लागेल म्हणून ह्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी इंचभर कापली, उकळली आणि ड्रॉपरच्या टोकाला बसवली. मी वरचा फुगा दाबला. मुलगी पुन्हा निळी पडली. तिला पालथी घेऊन पाठ चोळली तेव्हा कुठे रडली. मग मी रडले. ड्रॉपर कोपऱ्यात ठेवला आणि सांगितलं, "मला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले नाहीत. जमिनीवर उताणे झोपले आणि म्हणाले, "मला पाज."

"अहो, काहीतरीच काय!"

"मला बोलता येत नाही असं समज."

ते समजणं अवघड नव्हतं. मी मांडीवर डोकं घेतलं आणि मिशीखाली नळी धरून पाजू लागले. तेवढ्यात घरमालकीण बाई घमेल्यात निखारे घेऊन दारात आल्या. त्यांनी पाहिलं. "मी मागनं येते," म्हणाल्या आणि निखारे घेऊनच परत गेल्या.

ह्यांच्या नाकातून दूध आलं. उठून बसले, खोकले, मिशी पुसली. "तू श्वास घेऊ देत नाहीस. फुगा दाबला की आपल्या मर्जीने जातं. तिच्या मर्जीने जायला पाहिजे."

त्यांनी फुगा काढूनच टाकला. ड्रॉपरच्या वरच्या उघड्या तोंडावर बोट ठेवलं की दूध थांबे. बोट जरा उचललं की एक थेंब गालाच्या आत पडे. मुलीला थोडी उभट धरायची, थेंब सोडायचा, ती गिळेपर्यंत बोट दाबून बसायचं. एक वाटी संपायला इतका वेळ लागे की पुढच्या पाजण्याची वेळ होई. पण निळी पडली नाही.

महिनाभराने तिने ती नळीच तोंडात ओढून धरली. मी सोडवू लागले, तर सोडेना. लगेच तिला पदराखाली घेतलं. प्यायली, आणि पिता पिता मला पायाने ढकललं.

नर्सबाईंनी ह्यांच्याकडून तसल्या आणखी नळ्या करून घेतल्या. थेरगावच्या एका बाईला जुळं झालं होतं, तिने दोन नेल्या. काही दिवसांनी ती एक परत घेऊन आली. धुऊन, उकळून, फडक्यात गुंडाळलेली.

ह्यांनी विचारलं, "रबर निसटत होतं का?"

"न्हाई. नळीचं काय न्हाई," ती म्हणाली. "दुसरं पितंय."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परस्पर थेरगावला गेले, ते राहिलेलं दुसरं बाळ पिताना बघायला. परत आल्यावर हातपाय धुतले, पाटावर बसले.

"कसं आहे?" मी विचारलं.

"पितंय," म्हणाले. "तुझ्यापेक्षा हलका हात आहे त्या बाईचा."