डोंगराखालचं फुलपात्र

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आई उशाशी रिकामा तांब्या ठेवायची आणि त्याच्या काठावर फुलपात्र तिरपं टेकवायची. जमीन हलली की ते आधी वाजणार, मग आपण बाहेर पळणार. त्या तांब्यात पाणी भरायचं नाही; भरलेला तांब्या वाजत नाही. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढं लातुरात क्लासच्या पोरींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले, तरी तांब्या उशाशी होताच.

तिथं जेवायला येणारी मुखेडची एक पोरगी आज परदेशात शास्त्रज्ञ आहे. तिचं लेकरू सांभाळायला तिनं मला बोलावून घेतलं. इतक्या लांब मला माणसात ठेवलं, हे तिचे उपकार.

ती डोंगराच्या पोटात बसून सूर्यातून येणारे न्यूट्रिनो नावाचे बारीक कण मोजायची.

"ताई, ते आत्तासुद्धा तुझ्यातनं चाललेत. भिंतीतनं, डोंगरातनं. कुणाला धक्का न लावता."

"मग गच्चीवर बसून मोज की."

"गच्चीवर आभाळातनं दुसरंच लई काय काय पडतं, डोंगर ते अडवतो. मेसमध्ये ताटं वाजताना माझी हाक ऐकू यायची का तुला?"

"यायची की. चौथी पोळी मागायचीस."

ते यंत्र आता बंद होणार होतं. त्याआधी मी ते बघावं, एवढंच तिचं मागणं. पण डोक्यावर साधा स्लॅब असला तरी मला झोप लागत नाही. दोनदा मी बोगद्याच्या तोंडातून परत फिरले.

तिसऱ्यांदा तांब्या पिशवीत घालून गेले. मोटार डोंगरात शिरली, उजेड मागं राहिला. आत पहाटेसारखी शांतता. मोठ्या टाकीत नितळ द्रव, त्याभोवती काचेचे डोळे, सगळे, लाखातला एखादा न्यूट्रिनो द्रवात धडकला की उठणाऱ्या बारीक चमकेची वाट बघत. तिच्या टेबलावर मी तांब्या ठेवला, फुलपात्र टेकवलं. कुणी हसलं नाही.

पडद्यावर ठिपका उमटला.

"सूर्याचा?"

"असंल. एकेकाचं सांगता येत न्हाई, ताई. लई जमले की कळतं."

मी फुलपात्राकडं बघत राहिले. सूर्य डोंगरातून, माझ्यातून, त्या पितळेतून चालला होता आणि ते हललं नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. घसा कोरडा पडल्याचं मग ध्यानात आलं.

"पाणी हाय का गं?"

तिनं तांब्या उचलला, भरून आणला. त्याच फुलपात्रानं मी पाणी प्याले.